सावित्रीकाकूंच्या मोरीतला शॉवर

"दार उघडल्याबरोबर दिसला पाह्यजे," असं म्हणून शंकरभाऊंनी दाराजवळच्या कोपऱ्यात, पार छताखाली, खडूनं खूण केली. दुसऱ्या हातात मुंबईहून आणलेला पितळी शॉवर. जेवणाच्या ताटाएवढा! मी विचारलं, इथे आंघोळ कोण करणार?

"आई. पण तिले काय विचारता? मी सांगतो ना."

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी डिप्लोमा घेऊन खामगावला घरांची कामं घ्यायला लागलो होतो. शंकरभाऊंचं जळगाव जामोदला किराणा दुकान. तेव्हा तिकडे शॉवर असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळे त्यांना हौस दांडगी. पण हे काम हौसेचं नव्हतं.

त्यांच्या आईचे, सावित्रीकाकूंचे, दोन्ही खांदे आखडले होते. हात छातीच्या वर जात नव्हते. तांब्या भरता यायचा, पण खांद्यावर ओतता यायचा नाही. आंघोळ सून घालायची. ती आता बाळंतपणाला माहेरी निघाली होती, येत्या आठवड्यात. मग घरात काकू आणि मुलगा, दोघंच. काकू आंघोळीशिवाय चुलीजवळ जायच्या नाहीत, चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. शेजारणीकडून अंगावर पाणी घालून घ्यायला त्या मेल्या तरी तयार नव्हत्या. तेव्हा सून जायच्या आत काम व्हायला हवं होतं, आणि काकूंना एकटीनं जमेल असं व्हायला हवं होतं.

वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय मी पाइप कापत नाही, असं मी शंकरभाऊंना स्पष्ट सांगितलं. ते कुरकुरले. शेवटी काकू स्वयंपाकघराच्या दाराआडून बोलल्या.

"पानी डोक्यावर नको, बापू. रोज केस भिजले तं पुसू कशी? हात वर जात नाही. डोकं धुवायले कोनीही चालते मले, अंगाले नाही. खांद्यावर पडलं पाह्यजे. आन् उभ्यानं मले जमत नाही, पाटावर बसून."

एवढ्या बोलण्यातच सगळा प्लॅन झाला होता. मोरी चार फूट बाय पाच फूट. त्यात बंब, धुण्याचा दगड, आणि दार आत उघडणारं. मी शंकरभाऊंच्या खुणेखाली पाट ठेवला आणि दार लावून पाहिलं. लागेना. पाटाला अडत होतं. मग पाट उचलून समोरच्या कोपऱ्यात ठेवला. दार लागलं. पाणी जायचं भोकही तिथंच, म्हणजे फरशीचा उतार मोडायची गरज नाही. दोन बाजूंनी भिंत, टेकायला बरी. उठताना धरायला पाइपाचा एक बुटका दांडा, आणि नळाची चावी मांडीच्या उंचीवर.

आता शॉवर किती उंच लावायचा? टाकी मोरीच्या बुटक्या छतावरच होती. टाकीतलं पाणी शॉवरच्या जितकं वर, तितका जोर. याला आम्ही हेड म्हणतो. शॉवर छताखाली लावला की हेड संपलं. बसलेल्या बाईच्या खांद्याच्या जरा वर लावला, तर चांगलं चार फूट हेड मिळतं. म्हणजे काकूंना हवं होतं तेच पाण्यालाही हवं होतं.

शंकरभाऊ ऐकेनात. शॉवर डोक्यावरच असतो, एवढा खाली लावला तर लोक हसतील, हे एकच पालुपद. मी तापलो.

"लोक तुमच्या घरी आंघोळीले येऊन राह्यले का, भाऊ?"

मग टाकीला रबरी नळी जोडली आणि त्यांचं ते पितळी ताट त्यांच्याच खुणेवर धरलं. टिपटिप. खाली आणलं, तरी नुसती गळती, कारण त्या ताटाच्या शेकडो भोकांना ते पाणी पुरणार कसं? माझ्या पिशवीतला मुठीएवढा शॉवर लावला, तशी धार थेट समोरच्या भिंतीवर गेली. शंकरभाऊंचा सदरा भिजला. त्यांनी ओल्या बाहीनं स्वतःची खडूची खूण पुसून टाकली.

सून जायच्या आदल्या दिवशी सकाळी काकू लुगडं हातावर घेऊन मोरीकडे निघाल्या. सवयीनं सून मागे गेली. काकूंनी तिला उंबऱ्यावर थांबवलं.

"तू बाहीरच थांब."

दार लागलं. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. मग पाण्याचा. टॉवेल हातात घेऊन सून तिथंच उभी राहिली आणि रडायला लागली. शंकरभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिवाळीपासून आईनं कडी लावली नव्हती." काकूंनी घेतला मनसोक्त वेळ. टाकी रिकामी होईस्तोवर कडी काही निघाली नाही.

ते पितळी ताट त्यांच्या कपाटात कागदातच राहिलं. बाथरूम बांधून घेणारे लोक आजही मला आधी टाइल्सचा रंग सांगतात. मी विचारतो, आंघोळ कोण करणार, आणि बसून की उभ्यानं? मग पाट टाकतो आणि दार लावून बघतो.