सुई थांबली तर विनोद

माझा दादा विनोदी मालिका लिहायचा. बावीस वर्षं, आठवड्याला एक भाग. लोकांना वाटायचं, यांच्या घरात नुसता हशा पिकत असेल. डोंबल! घरात माणसं दोन, मी आणि तो. आणि तो असा घुम्या, की भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलायचा नाही, उठून स्वतःच घ्यायचा.

लिहायची त्याची रीत ठरलेली. आधी प्रवेशाचा शेवटचा हशा लिहायचा, मग माणसं तिथवर कशी पोचतील ते मागे मागे जात शोधायचं. जेवणं उरकली की पानं घेऊन माझ्यासमोर बसायचा आणि सगळ्यांचे आवाज काढून वाचायचा. मी शिवणकाम करते, हातात काजं करायचे कपडे असायचे. हसायला मला येत नाही, लहानपणापासून खडूसच मी. म्हणून तो माझ्या तोंडाकडे बघायचाच नाही, हाताकडे बघायचा. सुई थांबली तर विनोद जमला. चालू राहिली तर लाल पेन्सिल, मग ते वाक्य कितीही लाडकं असो.

आता माझं सांगते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझा नवरा "छत्री दुरुस्तीला टाकलीय, घेऊन येतो" म्हणून बाहेर पडला, तो आलाच नाही. मी दादाकडे राहायला आले. दारावर टकटक झाली की धावायचे. दादाने ते बघितलं आणि मेल्याने लिहिलं की हो! मालिकेत एक मावशी आली. खिडकीत वाट बघत बसणारी, टकटक झाली की धावणारी, दारात कोणीही असो, "छत्री मिळाली का हो?" विचारणारी. वाचताना माझी सुई थांबली. रागाने थांबली होती. त्याला ते कळलं नाही, की कळूनही त्याने काणाडोळा केला, देव जाणे.

मावशी गाजली. जिन्यातल्या लोकांना माझी गोष्ट ठाऊक होतीच. येताजाता विचारायला लागले, "काय ताई, मिळाली का छत्री?" हसतील त्यांचे दात दिसतील, असं स्वतःला बजावत मी जिना चढायचे. पण लागायचं हो, फार लागायचं. शेवटी एकदा दादाला म्हटलं, "मला एकच प्रवेश दे. मावशीचा नवरा छत्री घेऊन परत येतो. मावशी छत्री हिसकावून घेते आणि त्याच्या तोंडावर दार लावते. बस्स."

"जिंकलेल्या माणसावर कोणी हसत नाही गं," दादा म्हणाला. मग पानं गोळा करता करता म्हणाला, "शेवटच्या भागात देतो. शब्द दिला."

शेवटचा भाग आला तेव्हा दादा अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. उशीला टेकून बसला आणि वाचायला लागला. नवरा परत आला. मावशीने छत्री हिसकावली, दार लावलं. अगदी हेच हवं होतं मला, शब्द न् शब्द. वाचून झाल्यावर त्याने माझ्या हाताकडे बघितलं. मीही बघितलं. अख्खं काज पुरं झालं होतं.

"राहू दे," तो म्हणाला. "तुझ्यासाठी राहू दे." पेन्सिल त्याने उशीखाली सरकवली.

राहू द्यायला हवं होतं मी! पण लोक म्हणाले असते, शेवटी शेवटी याचा लिहायचा हात गेला. ते मला ऐकवलं नसतं. मी पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली.

"काट मार. आणि असं लिही. टकटक होते, मावशी धावते. दारात नवरा, हातात छत्री. इतक्या वर्षांनी मावशी त्याला ओळखतच नाही. त्यालाच विचारते, 'छत्री मिळाली का हो?' तो घाबरून म्हणतो, 'दार चुकलं,' आणि छत्री घेऊन जातो. मावशी पुन्हा खिडकीत."

दादा खोकला येईपर्यंत हसला. मग माझा हात धरून रडला. पण लिहिलं त्याने.

तो भाग सगळ्यात जास्त गाजला. तो लागायच्या आधीच दादा गेला.

भाग लागला त्याच्या पुढच्या आठवड्यात मालिकेचे दिग्दर्शक मला भेटायला आले. टकटक झाली, आणि माझी मेली सवय, मी धावत जाऊन दार उघडलं. मला बघून त्यांना हसू फुटलं. भला माणूस, लगेच ओशाळला, तोंडावर रुमाल धरला.

"हसा," मी म्हटलं. "ते मीच सांगितलं होतं लिहायला."