टेकाडावरची गंजाची मांडणी

ये गं, जवळ बस. बसलीस असं मी समजते, कारण तू खरी यायची कुठं? भावाची लेक तू, पोलादाच्या कारखान्यात नोकरीला लागलीस आन फोनवर मला विचारतीस, "आत्या, तुमच्या टेकाडावर त्या गंजक्या पट्ट्या कशाला व्हत्या गं?" मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणे, नंतर बोलते. ही काय रीत झाली? म्हणून लिहिते. आता निम्म्यात ठेवून देऊ नको म्हणजे झालं.

पंचाण्णव-शहाण्णवचा सुमार असंल. पुण्याकडच्या एका पोलाद कंपनीची गाडी आमच्या घाटघरला आली. तिच्यातनं एक मॅडम उतरल्या. त्यांच्या कंपनीनं नवं पोलाद शोधून काढलं व्हतं. त्याला रंग लागत न्हाई, तेल लागत न्हाई. वर जो पहिला गंज चढतो तोच घट्ट बसतो आन आतल्या लोखंडाला पुढं खाऊ देत न्हाई. मॅडम म्हणाल्या, "गंजच त्याचं पांघरूण." प्रयोगशाळेत जमलं व्हतं, पण खऱ्या पावसात बघायचं राहिलं व्हतं. म्हणून पाऊस कमी तिथं एक मांडणी लावायची, पाऊस लई तिथं एक. कमी पावसाची नेमकी माझ्या माहेरी, तुमच्या आणे गावात लागली, शाळेच्या मागं. लई पावसाची आमच्या टेकाडावर.

मांडणी म्हणजे आपली भांड्यांची असती तशीच, पण तिरकी, आभाळाकडं तोंड करून. तीन ओळी. त्यांच्यावर वीतभर पट्ट्या, थोड्या नव्या पोलादाच्या, थोड्या साध्या लोखंडाच्या. आमच्या मालकांनी, म्हणजे तुझ्या मामांनी, जागा दिली आन खांबही स्वतः पुरले. मॅडमची अट एकच. पाच पावसाळे ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. पुसायचं न्हाई, घासायचं न्हाई.

"माझा शब्द," मालक म्हणाले.

शेजारचे भाऊ चिडवायचे, "काय राव, लोकं भात राखत्यात, तुमी गंज राखताय!"

"तुझ्या भातापेक्षा बरा पिकतोय," मालक म्हणायचे.

दर दिवाळीनंतर मॅडम यायच्या, दोन-चार पट्ट्या काढून न्यायच्या. गंज उतरवून त्या तोलायच्या, किती झिजल्या बघायच्या. एकदा मालक त्यांना म्हणाले, "मॅडम, आमची मंडळी बी आण्याचीच हाय. घाटघरला आणली तवा तोलून घ्यायची राहिली बघा."

मी म्हणाले, "मग आता तोला की. झिजले का फुगले ते कळंल."

लई हसल्या त्या.

तिसऱ्या पावसाळ्यात मालक गेले. ताप आला. रस्त्यावर दरड पडलेली. जुन्नरला पोचेपर्यंत अंगात काय राहिलं न्हाई. ह्याहून जास्त मला तवाही सांगता येत न्हवतं, आताही येत न्हाई.

मला रडू आलं न्हाई. तुझा बाप आला, माझा हात धरून बसला, आन मी त्याला विचारलं, "आण्याला पाऊस हाय का?" भाकरी पुढं ठेवली तर खायचे. न्हाई ठेवली तर भूक लागायची न्हाई. चुलीचा चटका बसायचा तो फोड आल्यावर कळायचा. बाया म्हणायच्या, हिला रडवा, न्हाईतर आतल्या आत कोंडंल. आन त्याच रडायच्या, मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसायचे.

डोक्यात एकच गोष्ट व्हती. त्यांचं बाकी सगळं त्यांच्याबरोबर संपलं, पण दिलेला शब्द अजून पुरा व्हायचा व्हता. ती मांडणी तेवढी राहिली पाहिजे. हे कुणाला बोलले न्हाई. बोलायचं म्हणजे तोंड उघडावं लागतं.

खंडेनवमी आली. वर्षाच्या आत सण कसला? पण सासूबाई म्हणाल्या, "सण न्हाई तर न्हाई. माझ्या लेकाची हत्यारं कशाला पारोशी ठेवायची?" कोयता, विळे, नांगराचा फाळ, सगळं धुतलं. मग राखेची पाटी आन काथ्या घेऊन टेकाडावर चालल्या. मी दारातनं बघत व्हते. त्या मांडणीपाशी वाकलेल्या दिसल्या. काय चाललंय ते कळत व्हतं, पण पाय उचलला न्हाई. ते दुसऱ्याच कुणाच्या टेकाडावर चाललंय असं वाटत व्हतं.

खाली आल्या त्या घामाघूम. मला म्हणाल्या, "किती गंजवून ठेवलंय त्याचं लोखंड! बायको घरात असून!"

संध्याकाळी मी वर जाऊन आले. खालच्या दोन ओळी लख्ख झालेल्या. वर गोडंतेल, हळदकुंकू, झेंडू. वरच्या ओळीला म्हातारीचा हात पोचला न्हवता.

दिवाळीनंतर मॅडम आल्या. मालकांचं त्यांना दारातच कळलं. तशाच टेकाडावर गेल्या. मागनं आमी दोघी. मॅडमनी पट्टीवरनं बोट फिरवलं, बोटाला तेल लागलं.

"आजी, हे तुम्ही घासलंत?"

"मग कोण घासणार? एवढ्या शिकलेल्या तुमी, आन लोखंड पारोसं ठेवता व्हय?"

"आजी, आमचं सगळं काम त्या गंजावरच होतं."

"मग आधी सांगायचं न्हाई?"

"तुमच्या मुलाला सांगितलं होतं."

सासूबाई म्हणाल्या, "आता त्याला विचारायला मी कुठं जाऊ, बाई?"

मॅडमनी पिशवीतनं पाना काढला. मला म्हणाल्या, "वहिनी, एका ओळीसाठी ऑफिस हे ठेवणार नाही. काढून नेते."

"राहू द्या," मी म्हणाले.

किती दिवसांनी मी आपण होऊन काही बोलले. आवाज माझा मलाच परका वाटला. "त्यांनी पाच पावसाळे म्हणलं व्हतं. वरच्या ओळीला कुणाचा हात न्हाई लागला. तेवढी राहू द्या."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग खालच्या दोन ओळी काढल्या आन वरची तशीच ठेवली. "ऑफिसला मी बघते," म्हणाल्या.

पुढचे दोन पावसाळे सासूबाईच राखणीला. टेकाडाकडं कुणी वळलं की वरडायच्या, "हात लावू नगा! पारोसंच ठेवायचंय ते!" लोक हसायचे. त्या न्हाई हसायच्या.

पाचवा पावसाळा सरल्यावर मॅडम आल्या आन ती ओळ काढली. नव्या पोलादाच्या पट्टीचे पापुद्रे हातात येत व्हते. म्हणाल्या, "आण्याला जमलंय. इथं नाही जमणार. मधे मधे वाळायला मिळालं तरच तो गंज घट्ट बसतो. तुमच्याकडं चार महिने सगळं ओलंच."

"मग फुकट गेलं का सगळं?"

"नाही हो. कुठं वापरायचं नाही, ते तरी कळलं. आमच्या कामात तोही शोधच." मग पट्ट्या कागदात गुंडाळत म्हणाल्या, "तुमच्या मालकांचा शब्द पुरा झाला, वहिनी."

मला वाटलं व्हतं, ह्या दिवशी काहीतरी व्हईल. रडू तरी फुटंल. काही झालं न्हाई. मी खाली आले. खळ्यावर भाताचा पेंढा पडला व्हता, तो रचला. रचून झाल्यावर हातपाय धुतले.

आता सासूबाईही न्हाईत. मालकांना ओळखणारं घरात कुणी उरलं न्हाई. भिंतीला सांगून काय व्हतं? तू त्यांच्या खांद्यावर बसून यात्रेला गेलेली, तुला त्यांचा आवाज ठाऊक हाय. म्हणून म्हणते, ये. रस्ता आता डांबरी झालाय, जुन्नरवरनं एसटी थेट येती. कामाचं नाव सांगू नको. रविवारी ये, रात्रभर राहा, लवकर ये.