कॉम्प्युटर घ्यायला लागलेले आठ महिने

घरातला कॉम्प्युटर घ्यायला आम्हाला आठ महिने का लागले, हे तुम्हा दोघा नातवंडांना मी कधी सांगितलं नाही.

तुमच्या आबांना तो हवा होता उसाच्या नोंदी ठेवायला आणि तुम्हाला मोठ्या पडद्यावर बघायला. त्यातला प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारा भाग, दोन कंपन्यांचा मिळतो, हे तुम्हीच फोनवर सांगितलंत. एकीचं खोकं निळं, दुसरीचं नारिंगी. तुमच्यातला दादा निळ्याच्या बाजूनं, ताई नारिंगीच्या. मी जन्मभर इंदापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, मोघम बोलणं मला चालत नाही. वहीत दोन रकाने आखले आणि रविवारी तुमचा फोन आला, की लिहून घेऊ लागले.

"आबा, नारिंगीत कोअर जास्त आहेत," ताई म्हणायची.

"कोअर म्हंजी?"

"एका वेळी राबणारे गडी समजा."

"मग निळ्याकडं गडी कमी हायत व्हय?"

"कमी, पण चपळ!" मागून दादा ओरडायचा.

"आमच्या ऊसतोडीच्या टोळीत बी असंच. गडी मोजून काय कळत न्हाय. पुढच्या रविवारी नीट इचारून सांगा."

तास तास हे चाले. त्याआधी तुमचा फोन म्हणजे 'बरे आहात ना, जेवलात ना', की संपला.

महिन्याभरात माझा तक्ता पुरा झाला. आमच्या कामाला दोन्ही सारखेच होते. पण आबांना दर आठवड्याला नवी शंका. उन्हाळ्यात कुठला कमी तापेल? लाइट कमीजास्त झाली तर? बारामतीच्या दुकानातून आम्ही दोनदा रिकाम्या हातानं परतलो. येताना सणसरजवळ मी चिडून म्हणाले, "उसाचं बेणं निवडायला कधी इतका वेळ लावला नाहीत." त्यांनी एसटीचं तिकीट घडी घालून खिशात ठेवलं.

तिसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, "आबा, आता तुमीच बसा गल्ल्यावर. गिऱ्हाइकाला समजावणारा माणूस मला पायजेच हाय." सगळे हसले. मला ओशाळल्यासारखं झालं. मी वही मिटली आणि म्हणाले, "निळा द्या."

खोकं बांधून होत असताना आबा हळूच म्हणाले, "आता पोरं रविवारी काय बोलायची माझ्यासंगं?"

तेव्हा मला आठ महिन्यांचा उलगडा झाला. थांबा, अजून ठरत नाही, असं मी दुकानदाराला सांगू शकले असते. मी म्हणाले, "काहीतरीच तुमचं."

पहिल्या रविवारी तुम्ही पडद्यावर दिसलात. दादा जिंकला म्हणून नाचला, ताई खोटंखोटं रुसली. नंतर बोलणं पुन्हा जेवणाखाण्यावर आलं. मग महिन्यातून एकदा. तुम्हाला बोल लावत नाही, तुमचे अभ्यास होते, नोकऱ्या होत्या. आबा मात्र दर रविवारी धुतलेला सदरा घालून कॉम्प्युटर लावून बसत. बंद करू का विचारलं, तर म्हणत, "राहू दे. तापत न्हाय तो."

आबांना जाऊन दोन वर्षं झाली. कॉम्प्युटर आता फार हळू चालतो. दुकानदार नवा घ्या म्हणतो. निळा की नारिंगी, हे त्यानं सांगायच्या आत मी फोन ठेवला.

वहीचं कोरं पान काढून दोन रकाने आखले आहेत. अजून काही लिहिलेलं नाही. रविवारी मी घरीच असते. आणि या वेळी मला मुळीच घाई नाही.