दुसऱ्या बँडचा पहिला अल्बम

रविवारी सकाळी नऊला आमचा अल्बम इंटरनेटवर चढला आणि त्यानंतर मला चहासुद्धा गेला नाही.

गेली बारा वर्षं मी सोलापुरातल्या एका मेटल बँडमध्ये गिटार वाजवतो. गातो तो माझा कॉलेजपासूनचा मित्र, मूळचा सांगोल्याचा. हा अल्बम मात्र त्या बँडचा नव्हता. कॉम्प्युटरवर संगीत करणारी एक मैत्रीण आणि मी, असा दोघांचाच उद्योग होता तो. तिच्या घरी खालच्या मजल्यावर वडिलांचे टॉवेल विणणारे यंत्रमाग आहेत. त्यांचा खडखडाट रेकॉर्ड करून आम्ही त्याचाच ठेका केला. आठ गाणी झाली, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. एक कान फाडणारं, एक नाचायला लावणारं, एकात नुसती पेटी आणि लांबून ऐकू येणारे माग.

"लोक विचारतील, हा एक बँड आहे की पाच?" मैत्रीण म्हणाली होती.

मला लोकांची नाही, एकाच माणसाची धास्ती होती. वर्षभर मी मित्राला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

अकराला त्याचा फोन आला. "दुकानात ये." एवढंच.

त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. स्कूटरवर मी उत्तरं जुळवत होतो. गंमत म्हणून केलं, तुला सांगणारच होतो. सगळी खोटी. सिग्नल हिरवा झालेला मागच्यांनी हॉर्न वाजवल्यावर कळला.

तो एक फोन उघडून बसला होता. वर न बघता म्हणाला, "बस," आणि अल्बम पहिल्यापासून लावला. चार गाणी झाली तरी त्याचे हात चालूच. पाचव्याला, पेटीच्या गाण्याला, स्क्रूड्रायव्हर थांबला.

"कोण गातंय?"

"मी."

"बारा वर्सं माज्या बाजूला हुबा हाईस. गाता येतं म्हणून कवा बोलला न्हाईस की."

"तुझ्यापुढं धीर झाला नाही."

"मी काय खाणार व्हतो व्हय तुला?"

तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. उरलेली तीन गाणी होईपर्यंत तो फोनचे स्क्रू बसवत राहिला. "जा आता, काम हाय," तो म्हणाला.

दीड महिना सराव झाला नाही. तो बँड सोडणार, हे मी मनाशी धरूनच चाललो होतो. मग एक दिवस सरावाची वेळ कळवणारा त्याचा निरोप आला. त्या दिवशी आम्ही जुनीच गाणी वाजवली. निघताना तो म्हणाला, "पेटीचं गाणं परत रेकॉर्ड कर. दुसऱ्या कडव्यात दम तुटतुय. मी येतो."

तो खरंच आला, मैत्रिणीच्या खोलीत माझ्यासमोर स्टुलावर बसला. पहिल्या ओळीलाच माझा आवाज चिरकला.

"परत," तो म्हणाला.

चौथ्या वेळी जमलं.