यशोदाअक्कांची मुक्कामाची वही

यशोदाबाई आमच्या दवाखान्यात नर्स म्हणून आल्या त्या १९४९च्या उन्हाळ्यात. दवाखाना दोंडाईच्याचा, लोकल बोर्डाचा, आणि मी तिथला कंपाउंडर. बाई चाळिशीच्या, अमळनेरकडच्या. अठराव्या वर्षी नवरा गेला, मग पुण्याला जाऊन सुईणपण शिकल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. बाळंतपणं आणि देवी टोचणं, हे त्यांचं काम. त्यामुळे आठवड्यातले चार दिवस त्या खेड्यांत. कधी मोटार, कधी बैलगाडी, बरेचदा पायीच.

पुरुषमाणूस गावोगाव फिरला तर चावडीत, पारावर, कुठेही पथारी टाकतो. एकट्या बाईला ते कसं जमणार? पहिल्याच महिन्यात अक्कांनी एका गावी दाराला कडी नव्हती म्हणून त्याला पाठ लावून, बसून रात्र काढली. परत आल्यावर माझ्याकडून एक कोरी वही मागून घेतली. कशाला, ते सांगितलं नाही.

पुढे ती वही मी अनेकदा वाचली. नरडाणा गावाच्या नावापुढे लिहिलं होतं: 'गाडी चुकली तर स्टेशनावर बसू नये. पोर्टर भाईदासच्या घरी जावं. त्याची आई दिवसभर एकटी असते, तिला सोबत आवडते.' दुसऱ्या गावापुढे: 'बायका परसाकडे ओढ्याच्या वरच्या अंगाला जातात. उजाडायच्या आत निघावं, नंतर गुराखी येतात.' एका ठिकाणी कुणा म्हातारीचे अहिराणी शब्द जसेच्या तसे उतरवले होते: 'मनं घर शे ना, धर्मशाळामा कशाले जास माय?' आणि खाली ते घर कसं ओळखायचं याची खूण, दाराला आतून कडी आहे हीही नोंद. पांझरा नदीकाठच्या एका गावापुढे मात्र एवढंच होतं: 'धर्मशाळा मोठी आहे. बाईने राहू नये.' कारण लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही. त्या गावाचं नाव इथेही सांगत नाही.

प्रत्येक नोंदीखाली तारीख असे. पुन्हा त्या गावी गेल्या की अक्का जुनं तपासत, बदललेलं खोडत आणि नवी तारीख घालत. ऐकीव गोष्ट वहीत घालायची नाही, हा त्यांचा नेम. मी एकदा म्हटलं, "अक्का, गावात देऊळ कसलं आहे तेही लिहा की."

"देऊळ लांबूनही दिसतं, पंडितभाऊ," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा आणि एकटं उतरणाऱ्या माणसाला जे दिसत नाही, ते लिहायचं."

जिल्ह्यात नव्या नर्सबाया येत आणि वर्षा-सहा महिन्यांत जात. अक्का त्यांना वहीतली पानं हाताने उतरवून देत. ती उतरवताना त्यांची बोटं आखडत, म्हणून १९५५ साली मीच सुचवलं की हे छापून घ्या. ती सूचना माझी होती, हे मी कुणापासून लपवत नाही.

धुळ्याचे रतिलालशेठ छापखानेवाले. आमच्या गावी त्यांचे सोयरे होते. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "बहेन, असं पुस्तक आख्ख्या खानदेशात नाही." अक्कांचा चेहरा त्या दिवशी जसा झाला तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. वही एकच होती, उतरवून दिलेली पानं त्या त्या बायांबरोबर गेली होती. ती त्यांनी फडक्यात बांधून शेठजींना दिली.

आठ महिन्यांनी वीस प्रतींचं पार्सल आलं. वर किल्ल्याचं चित्र आणि खाली अक्कांचं नाव. आत गावांची अंतरं, देवळं, बाजाराचे वार आणि कुणा मास्तरांनी लिहिलेला किल्ल्याचा इतिहास. अक्कांनी उभ्याउभ्याच पुस्तक शेवटपर्यंत पाहिलं. पांझरेकाठच्या त्या गावापुढे छापलं होतं: 'गावात प्रशस्त धर्मशाळा असून प्रवाशांची उत्तम सोय होते.'

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याला गेलो.

"कडी, ओढा, म्हातारी, हे कोण विकत घेणार बहेन?" रतिलालशेठ शांतपणे म्हणाले. "आणि राहू नये असं छापलं तर गाव माझ्यावर फिर्याद करील."

"मग माझं नाव काढा."

"नाव आहे म्हणून तर शाळांनी प्रती घेतल्या. नर्सबाईने लिहिलेलं, म्हणजे खरं असणार."

"माझी वही तरी द्या."

शेठजींनी कंपोझिटरला हाक मारली. तो म्हणाला, खिळ्यांची जुळणी झाली की हस्तलिखित रद्दीत जातं. शेठजींना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी आम्हाला चहा पाजला.

घरी आल्यावर अक्कांनी नवी वही घेतली. मी म्हटलं, आठवतं तेवढं लिहून काढा. त्या म्हणाल्या, "आठवणीतलं म्हणजेही ऐकीवच की हो." म्हणून पुन्हा गावोगाव जायचं ठरवलं. पण गुडघे धरले होते. वर्षभरात नऊ गावं झाली.

१९५७च्या पौषात दवाखान्याच्या दारात एक बैलगाडी उभी राहिली. गाडीत लता होती. बावीस-तेविसाची, शेजारच्या तालुक्यात नुकतीच नर्स म्हणून रुजू झालेली. तीन दिवसांपूर्वी ती पांझरेकाठच्या त्या गावी धर्मशाळेत उतरली होती. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि हात धुऊन ते बाहेर जाऊन उभे राहिले. अक्का तिच्याजवळ बसल्या.

लता म्हणाली, "पुस्तकात सोय आहे असं होतं. तुमचं नाव होतं, म्हणून राहिले."

मी पुढे झालो. "बाई, अक्कांनी ते तसं लिहिलंच नव्हतं..."

"पंडितभाऊ, गप्प बसा," अक्का म्हणाल्या. "नाव माझंच आहे ना?"

लताचे वडील आले. फिर्याद करायची नाही म्हणाले. अक्का त्यांच्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या, पण त्यांनी वर पाहिलं नाही. लेकीला शालीत गुंडाळून घेऊन गेले. त्या दोघांचं पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. अक्कांनी दोन पत्रं टाकली होती.

त्यानंतर अक्का रजा घेऊन शाळाशाळांतून हिंडल्या. कपाटातली प्रत मागायची आणि त्या पानावर शाईने 'राहू नये' असं लिहायचं. एका हेडमास्तरांनी हातातून पुस्तक काढून घेतलं. "बाई, सरकारी वस्तू खराब करता?" पुस्तकावरचं नाव आपलंच, हे त्या त्यांना सांगू शकल्या असत्या, पण तशाच परत आल्या. अकरा प्रती दुरुस्त झाल्या. छापल्या होत्या हजार.

१९६० साली नवं राज्य झालं आणि पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. मुखपृष्ठावर पश्चिम खानदेशच्या जागी धुळे जिल्हा आला. आतलं काहीच बदललं नव्हतं.

त्याच वर्षी अक्का निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेली ताईबाई फार गरीब स्वभावाची होती. सामान बांधणाऱ्या अक्कांना तिने विचारलं, "उद्या मला नदीपलीकडे जायचंय. मुक्काम कुठे करू?"

अक्कांनी नवी वही उघडली, त्यात नदीपलीकडचं एकही गाव नव्हतं. त्या बाजूला जाऊन त्यांना पाच वर्षं झाली होती.

"मला माहीत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "पुस्तकावर विसंबू नको. सोबत कुणाला तरी ने."

ताईबाईला सोबत न्यायला कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने ती एकटीच गेली.