वहिनीची मापांची वही

दादाचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्यात ऑफिसात होते. तो एवढंच म्हणाला, वहिनी पडलीय, ये. गावी कान्ह्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मशीनवर बसल्या बसल्या तिनं डोकं धरलं, बाजूला कलली आणि मग उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनशी त्याचा काही संबंध नाही, हे मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. लोकांना वाटलं, शिकलेली बाई आहे, नीट चौकशी करतेय. खरं म्हणजे मी भ्यायले होते.

माझी वहिनी, शालन, आंदर मावळातली, सातवीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा मी अकरावीत होते. ओटीवर मशीन टाकून तिनं ब्लाउज शिवायला घेतले आणि पाहता पाहता कामशेतच्या बायकाही तिच्याकडे यायला लागल्या. माझा कॉलेजचा पहिला ड्रेस तिनंच शिवला. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, हे मी आजही मान ताठ करून सांगते. वहिनी मला मुद्दाम 'वन्सं' म्हणायची आणि टेप लावताना दरवेळी विचारायची, "वन्सं, अजून तेच का?" तेच. कॉलेजपासून माझं माप बदललेलं नाही, हाही माझा एक अभिमान...

अकरा वर्षांपूर्वी तिला डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला. स्तन काढावा लागणार होता. त्याच ऑपरेशनमध्ये तिथं इम्प्लांट, म्हणजे सिलिकॉनची पिशवी बसवता येईल, काय ते ठरवा, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. दादा भिंतीला टेकून उभा होता. वहिनी म्हणाली, वन्संना विचारा. डॉक्टरांनी मला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि कागद पुढे सरकवले. सगळे इंग्रजीत. निम्मं मला कळलं नाही, आणि कळलं नाही हे सांगायला माझी जीभ रेटेना. मान डोलवत मी पानं उलटली आणि वहिनीला म्हटलं, कर सही, हे नेहमीचंच असतं. ब्लाउज शिवणाऱ्या बाईच्या अंगावरचा ब्लाउज बायका आधी बघतात, तो नीट बसायला हवा, हेही मीच तिला पटवलं. तिनं सही केली.

काही वर्षं बरी गेली. मग डावी बाजू आवळत आवळत दगडासारखी झाली. हात खांद्याच्या वर जाईना. सकाळी बोटं आखडलेली असायची, कात्री धरता येईपर्यंत दहा वाजायचे. संध्याकाळी अंगात बारीक ताप. सगळ्या तपासण्या झाल्या, कॅन्सर परतलेला नव्हता. इम्प्लांटभोवती शरीरानं कडक आवरण धरलंय, डॉक्टर म्हणाले. ते काढलं तर हात बराच मोकळा होईल, बोटांचं आणि तापाचं मात्र खात्रीनं सांगता येणार नाही. त्या जागी नवं बसवता येईल, नाहीतर नुसतं काढून टाकायचं. मग सहज बोलावं तसं म्हणाले, हे काही जन्मभर टिकणारं नसतं, पहिल्या कागदांतच लिहिलेलं असतं. घरी येऊन मी जुनी फाईल काढली. लिहिलेलं होतं. दुसऱ्याच पानावर.

यानंतर मी निदान गप्प बसायला हवं होतं. उलट, नवं बसव म्हणून मी तिच्या मागे लागले. भेटले की तेच, फोनवर तेच. तिला बरं वाटावं असं मला वाटत होतंच, पण माझं तेव्हाचं सांगणं चुकीचं ठरू नये, हे त्याहून जास्त वाटत होतं. आज लिहितेय, तेव्हा कबूल केलं नसतं. वहिनी ऐकून घ्यायची आणि गरम पाण्यात बोटं बुडवून बसायची. दोन महिने असे गेले. डॉक्टरांकडून विचारणा झाली, काय ठरलं...

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी तिनं ओटीचं दार लावलं आणि टेप माझ्या हातात दिला. "स्वतःचं माप स्वतःला घेता येत न्हाई, वन्सं. उजवी बाजू मोजा. डावी मी अंदाजानं धरते, तितं काय असनारच न्हाई."

ठरवलंस का, मी विचारलं. अजून न्हाई, म्हणाली. आधी ब्लाउज कापून बघणार होती. सपाट बाजूवर कापड नीट बसवता आलं तर काढायचं, नाहीच जमलं तर माझं ऐकायचं. तिच्या उजव्या काखेशी टेप धरून मी उभी होते, आणि का कोण जाणे, तेव्हाच तोंडून निघून गेलं. "वहिनी, ते कागद मला कळलेच नव्हते गं."

"मला म्हाईत हाय. तुमचं त्वांड बगितलं व्हतं मी तवा."

"मग सही का केलीस?"

ती टेपचा आकडा वहीत उतरवत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्या घरातलं पयलं मानूस डाक्टरापुडं खुर्चीत बसलं व्हतं. तितनं तुमाला कसं उटवू?"

मग तिनं कापड कापलं. तीनदा कात्री बोटांत अडकली, मी हात पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला. कच्चे टाके घातले, उजवीकडे फुगीर, डावीकडे सपाट अशी उशी वळून तिच्यावर ब्लाउज चढवला, दारातल्या उजेडाकडे तोंड करून ठेवला आणि कितीतरी वेळ बघत बसली. मीही बघत होते. डावीकडे एकही चुणी नव्हती. "बसतंय," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिनं इम्प्लांट काढून घेतलं.

ताप गेला, हात वर जायला लागला. बोटं पावसाळ्यात दुखायचीच, पण सकाळी सातला कात्री चालायची. खांदे सारखे राहावेत म्हणून ब्लाउजच्या डाव्या बाजूला आतून तिनं एक चपटी पिशवी शिवली आणि तिच्यात वासाचा इंद्रायणी तांदूळ भरला. नुसत्या कापसाला वजन नसतं, खांदा वर उचलला जातो, म्हणायची. दादा चिडवायचा, तू जवळ आलीस की भूक लागते.

दहाव्यानंतर दादानं तिनं कापून ठेवलेले माझ्या नव्या ब्लाउजचे तुकडे बांधून दिले, आणि ते दुसरीकडे शिवून घ्यायला लागेल म्हणून मापांची वहीसुद्धा. माझं पान मी पहिल्यांदाच पाहिलं. छाती, कंबर, मुंडा, बाही, सगळे आकडे कॉलेजपासूनचे, तेच. आणि खाली पेन्सिलीनं, तिच्या ठसठशीत अक्षरात एक ओळ...

'श्वास रोखून धरतात. अर्धा इंच जास्त सोडणे.'