फ्रिजचा सूर

आमचा दादा सोमवार ते शुक्रवार रंगाच्या दुकानात काउंटरवर उभा असतो आणि शनिवार-रविवार क्लबात गिटार वाजवतो. दोन्हीकडे त्याचं दुखणं एकच. दुकानात रंग जुळवायचं मशीन आहे. मालकाने हौसेने आणलंय. दादा त्याला बोट लावत नाही. "देवाने डोळे कशाला दिलेत?" म्हणत अंदाजाने डबा घोटतो, आणि आठ दिवसांनी गिऱ्हाईक येऊन सांगतं की अर्धी भिंत वेगळीच दिसते. त्यावर दादासाहेबांचं उत्तर ठरलेलं, "तुमच्या खोलीत उजेड चुकीचा येतो." उजेड चुकीचा! आता अशा माणसापुढे कुणी किती डोकं फोडायचं?

बँड चौघांचा. पुढे दादा, त्याच्या बाजूला दुसरी गिटार घेऊन त्याचा मेहुणा, मागे ड्रमवर बेकरीवाला, आणि कोपऱ्यात बेस गिटार घेऊन मी, म्हणजे सख्खा धाकटा भाऊ. गाणारं कुणी नाही. दादाला गायक चालत नाही. म्हणतो, "माणूस तोंड उघडतो आणि लोक गिटार ऐकायचं सोडतात." अरे, लोक धरतात कधी, सोडायला? लोक टीव्हीवर मॅच बघतात. एक धून संपली की दादा कमरेत वाकून नमस्कार करतो. टाळी वाजवतो फक्त बारवाला, तीही अधूनमधून, हात रिकामे असले तर.

आमच्या स्टेजच्या डाव्या हाताला बाटल्यांचा एक जुना फ्रिज आहे. तो सारखा घूं करत असतो. फार वर्षांपूर्वी कुणा वायरमनने दादाला सांगितलं की वीज सगळीकडे सारखी, म्हणून फ्रिजचा आवाजही सगळीकडे सारखा. झालं! त्या दिवसापासून वाजवायच्या आधी आम्ही चौघं त्या फ्रिजला कान लावून उभे राहतो. दादा आपली तिसरी तार त्या घूं-ला मिळवतो, मग बाकीच्या तारा तिच्यावरून, मग आम्ही दोघं त्याच्यावरून. बेकरीवाल्याला ड्रमवर कसला सूर लावायचाय? पण मान म्हणून तोही कान लावतो. बीअर घ्यायला आलेल्या माणसाला आमचं झाल्याशिवाय दार उघडता येत नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी अंगठ्याएवढा एक ट्यूनर विकत घेतला. तार छेडली की सूर चढा की उतरा ते त्याच्या काट्यावर दिसतं. फ्रिज तिसऱ्या तारेच्या सुरापेक्षा वर निघाला. फार नाही, पण दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लटकलेला. आम्ही तिघं सारखेच चुकलेलो, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. दोनदा कीबोर्डवाले वाजवायला आले आणि दोन्ही अर्ध्यात सामान बांधून गेले. दादा म्हणाला, "सूरच कळत नाही लेकाच्यांना." मी काही बोललो नाही. ट्यूनर बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिला.

का बोललो नाही? खरं सांगतो, मला मजा येत होती. लहानपणापासून घरात हुशार तो. शाबासकी त्याला, नवे कपडे त्याला, जुने मला. आता दर शनिवारी तो फ्रिजपुढे डोळे मिटून उभा राहिला की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. नाच बाबा नाच, मी मनात म्हणायचो.

त्याची मुलगी, ठकी, नाव दुसरंच आहे पण घरात ठकीच, ती मात्र खरी वाजवणारी. पियानो शिकली. सहा वर्षं परगावी एका खोलीत राहून दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत होती आणि कंटाळली होती. आमच्या क्लबाच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे, तिथे एक पियानो आहे आणि मुलांची संगीतशाळा भरते. ती चालवणाऱ्या बाई आता थकल्यात. त्या वहिनीला म्हणाल्या, "क्लबाचा वाढदिवस आहे, रविवारी दुपारी तुमच्या मुलीला वाजवू द्या. मी ऐकते. जमलं तर सोमवारपासून वर्ग तिचा." वहिनीचा पाय जमिनीवर ठरेना. ठकीची जुनी खोली तिने रंगवून घेतली. रंग अर्थात दादाने घोटलेला, त्यामुळे तीन भिंती एक आणि चौथी भलतीच. "असू दे हो भावोजी," वहिनी म्हणाली, "पोर घरी येतेय."

ठकी तीन तुकडे वाजवणार होती. दोन एकटी, आणि तिसरा, दादाच्या हट्टाने, आमच्या बँडबरोबर. मी नोटेशन लिहून पाठवलं. तालमीचं काढल्यावर दादा उसळला, "माझ्या पोरीबरोबर मला तालीम?" आदल्या रात्री ठकीचा मला फोन आला. "काका, तुम्ही लोक सूर पियानोला मिळवता ना? गिटार लावता येते, पियानो ऐन वेळी हलत नाही."

"हो गं," मी म्हणालो. "तू ये बिनधास्त."

फ्रिजचं ओठांवर आलं होतं, पण गिळलं. मला एकदा चारचौघांत दादाची जिरलेली बघायची होती.

रविवारी तिची बस उशिरा आली. आम्ही खाली फ्रिजला कान लावून तारा मिळवल्या आणि गिटारी घेऊन जिना चढलो. ठकीने पहिले दोन तुकडे असे वाजवले की मॅचवाले वर येऊन दारात उभे राहिले. बाई पहिल्या रांगेत मान डोलवत होत्या. मग आम्ही सुरू झालो.

शी! दाताखाली खडा यावा तसं झालं. जन्मात ज्यांनी गिटार ऐकली नव्हती त्यांनीही तोंडं वाकडी केली. ठकी थांबली. हसून, हळूच, एक पट्टी दाबून म्हणाली, "बाबा, जरा हा सूर घ्या ना."

आणि आमचा दादा माइकमध्ये म्हणाला, "पियानो उतरलाय. जुना झालाय, चालायचंच."

नाचता येईना अंगण वाकडं! लोक हसले. ठकीचे कान लाल झाले. तिने हात मांडीवर ठेवले आणि आम्ही तो तुकडा तिच्याशिवाय पूर्ण वाजवला. आम्ही म्हणजे मीसुद्धा. ट्यूनर मागे ठेवलेल्या बॅगेतच होता. पुढे होऊन दोन-चार मिनिटांत तिघांच्याही तारा उतरवता आल्या असत्या. मी खाली मान घालून वाजवत राहिलो.

बाईंना कान आहेत. त्यांनी ठकीला बाजूला घेतलं, "तुझं उत्तम झालं. ते गिटारचं सोडून दे. उद्यापासून ये." वहिनीने पदराने डोळे पुसले. दादा बेकरीवाल्याला सांगत होता, "बापाच्या नावावर जमलं बघ." मी म्हटलं, चला, निभावलं, आणि केबल गुंडाळायला लागलो.

ठकी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. "काका, तुला ऐकू आलं ना?"

"आलं."

"आजच?"

तिच्याशी खोटं बोलवेना. "अकरा वर्षं झाली."

"म्हणजे काल फोनवरही?"

मी केबल गुंडाळत राहिलो.

"बाबांना ऐकूच येत नाही," ती म्हणाली, "त्यांच्यावर काय रागवायचं? तुला येतं. मी वर मुलांना सूर शिकवायचा आणि खाली ऐकू येणारा माणूस मजा बघत वाजवणार. मला नाही जमायचं, काका."

तिने बाईंना नमस्कार करून नाही म्हणून सांगितलं. कारण कुणालाच सांगितलं नाही. सहाच्या बसने गेली.

दादा म्हणतो, पियानोने घात केला. वहिनी म्हणते, दादाने. तिने त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलंय. काल मी गेलो तर तिने मला चहा दिला आणि समोर बसून रडली. म्हणाली, "या घरात काही कळतं ते एक तुम्हालाच, भावोजी." मी चहा प्यायलो.

आज शनिवार. आम्ही चौघं फ्रिजपुढे उभे राहिलो. दादाने डोळे मिटून खुंटी पिळली आणि मला विचारलं, "लागला?"

"लागला," मी म्हणालो.